एकटीच्या नावाची सनद

"काकू, टोक जरा खाली धरा. भिंतीले टेकवून."

सत्यभामाबाईंनी मोजपट्टीचं टोक भिंतीला टेकवलं. दुसरं टोक घेऊन नितेश अंगणातून मागे सरकत गेला. हा पंचायत समितीचा घरकुलांचा अभियंता, कंत्राटी, वय सत्तावीस. सकाळपासूनचं हे त्याचं अकरावं घर होतं.

"चोवीस बाय एकोणीस," तो म्हणाला आणि मोबाइलवर हिशेब केला. "चारशे छप्पन्न फूट. पाचशेच्या आत हाये काकू. तुमाले काही भेव नाई."

बाळापूरपासून सात किलोमीटरवरच्या या गावात ओढ्यापलीकडे बत्तीस घरं होती. जमीन ई-क्लास, म्हणजे सरकारी, गुरं चारायला ठेवलेली. सत्यभामाबाई तिथे सत्तावीस वर्षं राहत होत्या. मातीच्या विटांच्या दोन खोल्या, वर पत्रे. घरकुलाच्या यादीत त्यांचं नाव दोनदा आलं आणि दोन्ही वेळा कटलं. शेरा एकच होता, 'स्वतःची जागा नाही.' आता सरकारने ठरवलं होतं की जुनी अतिक्रमणं नियमित करायची, राहत्या जागेची सनद द्यायची, म्हणजे घरकुलाची वाट मोकळी होईल. गावात महिनाभर दुसरा विषय नव्हता.

नितेशने फॉर्म मांडीवर घेतला.

"काकांचं नाव?"

"देवानंद."

"हयात हायेत ना?"

"हाये."

"मंग बोलवा त्यायले. सनद नवराबायकोच्या दोघांच्या नावानं निघते. दोघांच्याबी सह्या लागतात."

"ते अकोल्याले असते. कामाले."

"रविवारी येतील त पंधरा तारखेच्या आत सही घेऊन ठेवा. पंधराले यादी बंद होते."

शेजारच्या नत्थुजींच्या बायकोने पदर तोंडाशी धरून दुसरीकडे पाहिलं. नितेशला दिसलं. त्याने पेन खाली ठेवलं.

"काकू, ते राहत नसतील तुमच्याजवळ, तर तसं सांगा. त्यायनं लिहून दिलं, की मी हिच्यासंग राहत नाई, घरावर माझा हक्क नाई, तर तुमाले परित्यक्ता धरून एकटीच्या नावानं सनद करता येते. ते परत येणार असतील तर गोष्ट येगळी. पण एक ध्यानात ठेवा, एका कुटुंबाले एकच घर. आधार नंबर टाकला की सारं दिसते."

देवानंद मोटारी बांधायचा. विहिरीवरच्या, बोअरच्या; जळालेल्या मोटारीत नवी तांब्याची तार भरायचा. एकोणीस वर्षांपूर्वी तो अकोल्याच्या एका दुकानात हंगामापुरता म्हणून गेला. आधी दर शनिवारी यायचा, मग दिवाळीला, मग आलाच नाही. करिश्मा तेव्हा सहा वर्षांची होती. तिथे त्याने एका बाईसोबत घर मांडलं हे गावाला वर्षभरात कळलं. सत्यभामाबाईंनी दुसऱ्यांच्या वाडीत भाजी खुडली, बाळापूरच्या बाजारात बसून विकली, पोरीला बारावीपर्यंत शिकवलं आणि वरूडला दिलं. कोणी विचारलं तर त्या एवढंच सांगत, "अकोल्याले असते. कामाले." विचारणाऱ्याला खरं काय ते माहीत असायचं. तरी ते वाक्य चालून जात होतं.

संध्याकाळी पोलीस पाटील खुशालराव आले. भले माणूस होते.

"बाई, कायले एवढा इचार करतं? वारला म्हणून लिहून टाकू. एवढ्या वर्षांत कोणी पाह्यलं त्याले गावात?"

"चालत्याबोलत्या माणसाले कावून मारू, भाऊ?"

"मंग परित्यक्ता लिही."

"ते ग्रामसभेत वाचतात ना?"

"वाचा लागते. सगळ्यायचंच वाचतात."

मग सत्यभामाबाई म्हणाल्या, "त्यायचा पत्ता असंल तुमच्याजवळ. मागच्या साली मोटार त्यायच्याकडं नेली होती ना तुमी."

खुशालरावांनी पत्ता दिला. डाबकी रोड, पिठाच्या गिरणीमागे.

दुसऱ्या दिवशी सत्यभामाबाई सकाळच्या एसटीने अकोल्याला गेल्या. पिशवीत आधार कार्ड होतं, नितेशने लिहून दिलेला, घरावर हक्क नसल्याच्या मजकुराचा कागद होता आणि दोन किलो वांगी. वांगी कशासाठी घेतली हे त्यांनाही सांगता आलं नसतं. कोणाच्या घरी रिकाम्या हाताने जायची सवय नव्हती, एवढंच. सही नेमकी कशावर घ्यायची ते त्यांनी ठरवलं नव्हतं. देवानंद गावी येऊन दोघांच्या नावावर सही करून गेला, तर ग्रामसभेत तो शब्द वाचायची वेळ येणार नव्हती.

गिरणीमागे भाड्याच्या खोल्यांची रांग होती. तिसऱ्या दारात एक बाई पोळ्या लाटत होती. मागे डब्यांची चळत. पंचेचाळिशीची असेल.

"देवानंद राखोंडे इथंच राहतात काय?"

"हो. कोण पायजे होतं?"

"मी सत्यभामा."

बाईच्या हातातलं लाटणं थांबलं. मग ती उठली, हात पुसले आणि दारातून बाजूला झाली.

"या. आत या."

तिचं नाव सुभद्रा. तिने पाणी दिलं, दुकानात फोन लावला, "घरी या, काम हाये," एवढंच बोलून ठेवला आणि परत पोळ्या लाटायला बसली. बारा वाजता खानावळीच्या पोरांचे डबे जायचे होते. या बाईची भेट झाली तर काय काय बोलायचं, हे सत्यभामाबाईंनी किती वर्षं मनात घोळवलं होतं. आता त्यातलं काही आठवेना. सुभद्राच्या मनगटावर तव्याच्या चटक्यांचे डाग होते, जुने आणि नवे. त्या तेच बघत राहिल्या.

देवानंद आला. केस पांढरे झाले होते आणि चष्मा लागला होता. सदऱ्यावर तांब्याच्या तारेचे बारीक तुकडे चिकटले होते. तो दारातच थबकला.

"तू? काहून आली? पोरीचं काही..."

"पोरगी बरी हाये. जागेचं काम हाये."

त्यांनी सगळं सांगितलं. मोजणी, सनद, पंधरा तारीख. देवानंद ऐकता ऐकता खुर्चीवर बसला. त्याच्या चेहऱ्यावरची भीती गेली.

"मंग यात काय हाये? मी येतो ना. परवा येतो. सही करून देतो दोघांच्या नावावर. शेवटी आपलंच घर हाये ते."

सत्यभामाबाईंना हेच हवं होतं. पण 'आपलंच' हा शब्द कानाला लागला. सुभद्राने तव्यावरची पोळी उलटली नाही. ती करपली.

भिंतीवर खिळ्याला प्लास्टिकच्या पिशवीत एक पावती टांगलेली होती. महापालिकेच्या घरांसाठी केलेल्या अर्जाची. सत्यभामाबाईंनी तिच्याकडे बोट केलं.

"तुमीबी घराले अर्ज केला काय?"

"चार वर्षं झाले," सुभद्रा म्हणाली. "यंदा यादी लागते म्हणतात."

"कोणाच्या नावानं?"

"यायच्या."

सत्यभामाबाई गप्प राहिल्या असत्या तर काम झालं असतं.

"बाई, आमच्या साहेबानं सांगतलं, एका कुटुंबाले एकच घर. आधार टाकलं का दिसते. यायचं नाव माह्या सनदेवर आलं, त तुमचा अर्ज कटंल."

सुभद्राने देवानंदकडे पाहिलं. "तुमाले माहीत होतं हे?"

"अर्ज भरतानी म्हणत होते तसं कायतरी," तो म्हणाला. "पण गावातली जागा हातची कावून सोडा? इथलं काय, लागलं त लागलं."

"लागलं त लागलं?" सुभद्रा म्हणाली. "चार वर्षं मी त्या खिडकीवर रांगा लावल्या. तुमी एक दिवस तरी आले काय?"

तो चष्मा काढून पुसायला लागला. सत्यभामाबाईंना ते ओळखीचं वाटलं. चष्मा नव्हता तेव्हा तो असाच पक्कड पुसत बसायचा.

"बाई," सुभद्रा म्हणाली, "तुमचं एकटीच्या नावानं होत नाई काय?"

"होते. यायनं लिहून द्या लागते. मंग मले परित्यक्ता लिहितात."

हा शब्द त्यांनी स्वतःच्या तोंडाने पहिल्यांदाच उच्चारला. सुभद्राने पिशवी खिळ्यावरून काढली, आतला कागद उलगडला आणि त्यांच्यापुढे धरला. कुटुंबातल्या माणसांचा तक्ता होता. तिच्या नावापुढे, नात्याच्या रकान्यात, छापील अक्षरात 'इतर' लिहिलं होतं.

"खिडकीवरच्या पोरानं इचारलं, लग्नाचा दाखला हाये काय. नाई म्हटलं. मंग त्यानं हे टाकलं." तिने कागद घडी करून परत ठेवला. "तुमच्यासाठी एक शब्द त हाये."

सत्यभामाबाईंनी पिशवीतून नितेशचा कागद काढला आणि देवानंदपुढे ठेवला.

"यावर करा सही."

"अवं, पण तुमी दोघी काय ठरवून राहिल्या? मी बसलो हाये ना इथं."

"बसले हाये म्हणूनच म्हटलं. करा."

"जागा तुले एकटीले कशी..."

"एकटीनंच सांभाळली ना?"

पेन सुभद्राने आणून दिलं. देवानंदने कागद दोनदा वाचला. मग सही केली, सावकाश, शाळेतल्यासारखी. साक्षीदार म्हणून गिरणीवाल्याने सही केली.

"करिश्मा कशी हाये?" त्याने विचारलं.

"बरी हाये. पोरगा हाये तिले. चार वर्षांचा."

"मले कोणी सांगतलं नाई."

"कोण सांगणार होतं?"

तो उठला आणि दुकानात जातो म्हणाला. गेलासुद्धा. सुभद्राने ताट वाढलं. सत्यभामाबाई नको म्हणाल्या, मग दोन पोळ्या जेवल्या. निघताना वांग्यांची पिशवी ओट्यावर रिकामी केली.

"देशी हायेत," त्या म्हणाल्या. "पाणी कमी टाका लागते."

"यादीत नाव आलं त फोन करीन," सुभद्रा म्हणाली आणि नंबर घेतला.

एसटीत खिडकीशी बसल्यावर सत्यभामाबाईंना रडू आलं. पारसच्या फाट्यापर्यंत त्या रडल्या. कशासाठी, ते नीट कळलं नाही. नवरा सोडून गेल्याचं दुःख एवढ्या वर्षांत कधीच जुनं झालं होतं. बहुतेक ते वाक्य गेल्याचं असावं. 'अकोल्याले असते, कामाले.' आता ते कोणाला सांगता येणार नव्हतं.

ग्रामसभा पंधरा तारखेला शाळेच्या पटांगणात झाली. यादी वाचायला खुशालरावांना उभं केलं होतं. एकेक नाव, मागे जोडीदाराचं नाव, क्षेत्रफळ. एकोणिसाव्या नावाला ते थांबले. घसा खाकरला. "सत्यभामा देवानंद राखोंडे," ते म्हणाले आणि पुढचं इतकं हळू बोलले की माइकलाही पकडता आलं नाही. लगेच त्यांनी विसावं नाव घेतलं.

बायकांच्या रांगेतून सत्यभामाबाई उठल्या.

"भाऊ, माह्यं पूर्ण वाचा. जोरात वाचा. आवाज आला नाई."

खुशालरावांनी कागद जवळ धरला.

"सत्यभामा देवानंद राखोंडे. परित्यक्ता. चारशे छप्पन्न चौरस फूट. हरकत?"

कोणाची हरकत नव्हती. सत्यभामाबाई बसल्या. नत्थुजींच्या बायकोने न बोलता त्यांच्यासाठी सतरंजीवर थोडी जास्त जागा केली.

सनद मिळायला पाच महिने लागले आणि घरकुल मंजूर व्हायला आणखी तीन. जुन्या दोन खोल्या पाडल्या तेव्हा करिश्मा वरूडहून आली होती. अकोल्याची यादी अजून लागलेली नव्हती. सुभद्राचा एकदा फोन आला होता, तोही तेवढंच सांगायला.

नव्या घराचं जोतं भरून झाल्यावर नितेश फोटो काढायला आला. काम कुठवर आलं ते दाखवण्यासाठी लाभार्थ्याला जोत्यावर उभं करून फोटो चढवावा लागतो, त्याशिवाय पैशांचा पुढचा हप्ता निघत नाही. पलीकडे नत्थुजी आणि त्यांची बायको फोटो झाल्यावर अजून जोत्यावरच उभे होते.

सत्यभामाबाई धुतलेलं लुगडं नेसून वर चढल्या. नितेशने मोबाइल डोळ्यांसमोर धरला, मग खाली घेतला.

"काकू, तुमी पार कडेले उभ्या राहिल्या. एका माणसाची जागा रिकामी दिसून राहिली. मधात या."

त्यांनी बाजूला पाहिलं. खरंच तेवढी जागा सुटली होती. त्या दोन पावलं सरकल्या, पदर खांद्यावर नीट केला आणि समोर पाहिलं.

"आता?"

"आता बरोबर," नितेश म्हणाला.