आत्याचा अकरा वर्षांचा चातुर्मास

दुर्गा आत्याचा चातुर्मास अकरा वर्षं चालला. चातुर्मास चार महिन्यांचा असतो हे तिला माहीत होतं. लोहारदा गावच्या शाळेत ती गणितच शिकवायची.

आमच्या घरी आषाढी एकादशीपासून कांदा, लसूण, वांगं बंद. मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाला भरित-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की सगळं सुटतं. फक्त भरित घरच्या बियाच्या वांग्याचं हवं, हा आजोबांचा दंडक. आजोबा गेले, वाटणी झाली. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, वाट्याला देव आले. ते देव घेऊन धार शहरात राहायला आले. आत्याने लग्न केलं नव्हतं. तिला लोहारद्याचं घर आणि परसातली वांगी मिळाली. दोघांनाही वाटायचं, दुसऱ्याला जास्त मिळालं.

मग एका हिवाळ्यात पाला पडला, म्हणजे रातोरात दव गोठलं, आणि आत्याची झाडं काळी पडली. घरात जपलेलं बी उंदरांनी खाल्लं. पुढच्या कांदेनवमीला आत्याने पोटभर भजी खाल्ली, आषाढीला चातुर्मास धरला, आणि चंपाषष्ठीला घरचं वांगंच नव्हतं. आम्ही बाजारचं आणलं. देवाने चालवून घेतलं. आत्याने नाही.

"आत्या, गुरुजी म्हणाले चालतं," मी म्हणालो होतो.

"मग गुरुजींना खाऊ दे."

तेव्हापासून लग्नकार्यात ती स्वतःचा डबा घेऊन यायची. लोहारद्याच्या बाजारात प्याज की कचोरी तळणाऱ्याच्या दुकानासमोर मात्र तिची चाल मंदावायची. गुडघे दुखतात म्हणायची. पुढच्या वळणापासून गुडघे बरे.

मागच्या चंपाषष्ठीला आमच्याकडे धारला जे घडलं त्याला माझी बहीण श्रिया कारणीभूत आहे. भंडारा, म्हणजे खंडोबाची हळद, आमच्याकडे आजोबांच्या पितळी डब्यात असते. दरवर्षी वरून नवी हळद घालायची, वरचीच लावायची. तळ कुणी पाहिलेला नव्हता. त्या वर्षी श्रिया हळद आणायला विसरली, म्हणून अण्णांनी तळ खरवडून कपाळाला लावला. आरती झाली तरी कपाळ खरखरीत.

श्रियाने जवळून पाहिलं. "भिया, अण्णांच्या माथ्यावर तो बीज निकल रहे हैं।"

आईने एक दाणा नखावर घेतला. "वांग्याचं आहे."

अण्णा जागच्या जागी उभे राहिले. "कुणी हसवू नका. सांडेल."

आजोबांनी कुणालाही न सांगता हळदीच्या तळाशी बी दडवून ठेवलं होतं. किडा नाही, दमट नाही, आणि देवाचा डबा म्हणून कुणी हात घालत नाही. आम्ही अण्णांच्या कपाळावरून बी एका जुन्या लग्नपत्रिकेवर झाडून घेतलं, डबाही उपडा केला. सगळं मिळून मूठभरसुद्धा नव्हतं.

आत्याला फोन लावला. ती म्हणाली, "घरचंच आहे की आणखी कुठलं, ते फळ धरल्याशिवाय कळायचं नाही. कोरडं ठेव. आणि गावभर सांगू नको."

जुनं बी कसं टिकवायचं, कसं जागं करायचं, हे मी फोनवर शोधू लागलो. जिकडे तिकडे एकच सल्ला: नवीन बियाणं घ्या. जुन्या बियावर जीव टाकणारी माणसं जगात एकाच ठिकाणी सापडली, ती म्हणजे परदेशातल्या गांजा लावणाऱ्यांच्या एका ऑनलाइन मंचावर. तिथे लोक दहा-दहा वर्षांच्या एकेका दाण्यासाठी असे झटत होते की आपल्याकडे एवढी काळजी फक्त जावयाची घेतात. त्यांच्यात लेझी बेअर, म्हणजे आळशी अस्वल, असं नाव घेतलेले एक गृहस्थ होते. मी त्यांना लिहिलं, बी फार जुनं आहे.

"कोणती जात?" त्यांनी विचारलं.

"भरिताची."

"ऐकली नाही. असर कसा आहे?"

"आत्या दहा वर्षं वाट बघतेय."

"बाप रे," ते म्हणाले. "मग नीट जपू या."

हे सगळं अण्णांच्या नजरेस पडलं, कारण माझ्या फोनवर आता गांजाच्या बियांच्याच जाहिराती यायला लागल्या होत्या. अण्णांनी मला समोर बसवलं. "अजेय, तुला काही दुःख आहे का?"

"अण्णा, वांगी आहेत ती."

"सगळे असंच म्हणतात," अण्णा म्हणाले. असं कोण म्हणतं, हे मी विचारलं नाही.

बेअरसाहेबांच्या सांगण्यावरून बी काचेच्या बरणीत घातलं, सोबत श्रियाच्या नव्या बुटांच्या खोक्यातली ओल शोषणारी पुडी, झाकण घट्ट, आणि बरणी फ्रिजमध्ये. वर चिठ्ठी लावली: उघडू नये. त्यामुळे घरातल्या प्रत्येकाने उघडून पाहिली. शेवटी आईने चिठ्ठी बदलून "भंडारा" लिहिलं. मग सगळे लांबून नमस्कार करू लागले.

जूनमध्ये बरणी काढली. काडेपेटीत आतून बारीक पॉलिश पेपर लावायचा, बी टाकून हलकेच हलवायचं, म्हणजे टरफल घासलं जातं आणि पाणी आत शिरतं. हे काम अण्णांनी मागून घेतलं आणि आरतीच्या ठेक्यावर केलं. मग बी रात्रभर कोमट पाण्यात, सकाळी ओल्या फडक्यात. मंचावर लिहिलं होतं, उबदार जागा शोधा. धारला जूनमध्ये उबदार जागा शोधावी लागत नाही, गार शोधावी लागते. फडकं माठाच्या तिवईखाली ठेवलं.

आठवडा गेला. काही नाही. मग बी कुजायला लागलं. आत्या रोज फोन करायची आणि बियाचं सोडून सगळं विचारायची. मी बेअरसाहेबांना कळवलं की संपलं बहुतेक.

त्यांनी लिहिलं, "फेकू नकोस. म्हातारं आहे, उठायला वेळ घेतं. कुजलेले काढ, बाकीच्यांना निजू दे."

हे मी आत्याला वाचून दाखवलं. "माणूस समजूतदार आहे," ती म्हणाली. "फार ओढतो का?"

"माहीत नाही."

"ओढू दे. मन चांगलं आहे."

मी फडकं टाकायला निघालो होतो, तो थांबलो. चार दिवसांनी एका दाण्यातून दोऱ्याएवढा पांढरा कोंब बाहेर आला. एकाच. अण्णांनी त्याला भंडारा लावायची इच्छा व्यक्त केली, ती आम्ही हाणून पाडली.

रोप कुंडीत जरा थोराड झाल्यावर मी ते मांडीवर घेऊन लोहारद्याला गेलो. इंदूरला बस बदलताना कंडक्टर म्हणाला, "भिया, इसका भी टिकट लगेगा क्या?" आत्याने रोप परसात लावलं, भोवती काटेरी कुंपण घातलं आणि शेजारच्यांची शेळी दिसली की हेडमास्तरणीच्या आवाजात तिचं नाव घेऊ लागली. शेळीला नाव नव्हतं. आत्याने ठेवलं.

कार्तिकात फळ धरलं. पांढरं, अंगावर हिरव्या रेघा, देठाला काटे. आत्याने देठ चिमटीत धरला, काटा टोचला, आणि ती म्हणाली, "आमचंच आहे." मग बोट चोखत बराच वेळ तिथेच बसून राहिली. मी शेळीकडे बघत होतो.

मी मंचावर फोटो टाकला. कुणीतरी लिहिलं, "मित्रा, हे वांगं आहे."

"हो," मी लिहिलं. "आणि तुम्हा सगळ्यांचे फार उपकार आहेत."

बेअरसाहेबांनी एवढंच विचारलं, "आत्याने खाल्लं का?"

"चंपाषष्ठीला."

"थांबतो."

यंदाच्या चंपाषष्ठीला आम्ही सगळे देवांसकट लोहारद्याला गेलो. एक वांगं बियासाठी झाडावरच पिकायला ठेवलं. बाकीची आत्याने चुलीत भाजली, वर कच्चा कांदा चिरला, आणि चिरताना रडली. कांद्याने रडली असं सगळ्यांनी ठरवलं. नैवेद्य झाला. खंडोबाचा, गाईचा, आजोबांच्या नावाचा घास निघाला. आत्याने ताटात चौथा घास काढला.

"हा कुणाचा?" अण्णांनी विचारलं.

"त्या अस्वलाचा."

मग ती जेवली. भरित संपल्यावर हात धुतला, पदर खोचला आणि म्हणाली, "अजेय, गाडी काढ. कचोरीवाला दुपारी बंद करतो."

संध्याकाळी मी मंचावर कळवलं, सुटला चातुर्मास. बेअरसाहेबांनी त्याच दिवशी वांगं आणून भाजून कांदा घालून खाल्लं होतं. त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं की त्यांना तितकंसं आवडलं नाही.

मी आत्याला सांगितलं. तिच्या हातात तिसरी कचोरी होती.

"बाजारचं असणार," ती म्हणाली.