मानाचे डोके

"रस्ता बंद म्हणजे बंद. मागे फिरा, काका."

फक्त डोळे उघडे ठेवलेला पोलीस आडव्या दांडीपाशी उभा होता. आयतबायने आपल्या जुन्या निवा गाडीची काच दोन बोटे खाली केली, तसा मूठभर बर्फ आत आला.

"पोरा, आज कोरिसू आहे ना?"

"आहे की. म्हणून वादळ काय सुट्टीवर जातं?"

"थोरल्या भावाकडे चाललोय. हात मिळवायला."

"उद्या मिळवा!"

"उद्या मिळवून काय उपयोग?" बाजूला बसलेली रौशान फणकारली. तिच्या मांडीवर रजईत गुंडाळलेले पातेले होते आणि ते तिने तान्ह्या बाळासारखे धरले होते. "यांना अक्कल यायला पाचवं वर्ष उजाडावं लागलं. आज आलीय, उद्या राहील याची खात्री मी देत नाही."

पोलीस हसला. कोरिसूला, म्हणजे मार्चातल्या नववर्षाच्या दिवशी, धाकट्याने थोरल्याच्या दारी जायचे, दोन्ही हातांनी त्याचे हात धरून 'नवं वय लाभो' म्हणायचे आणि मग जुने वैर उकरायचे नाही, हे त्यालाही घरी शिकवले होतेच. पातेल्यात काय आहे, असे त्याने विचारले.

"मेंढीचं डोकं," आयतबाय म्हणाला.

या डोक्यानेच सारा घोळ घातला होता. आयतबाय कांदियागाश जंक्शनवर डब्यांची चाके हातोडीने ठोकायचा. आवाजावरून कुठल्या चाकाला तडा गेलाय हे तो सांगे आणि छत्तीस वर्षांत त्याचा कान एकदाही चुकला नव्हता. अक्कल मात्र एकदा चुकली. मुलाच्या लग्नात स्टेशनचे मोठे साहेब आले, तेव्हा हा हुरळला आणि थोरल्याच्या मानाचे उकडलेले डोके त्याने त्यांच्यापुढे ठेवले. शेजारी थोरला सागिन्दिक बसला होता. वडील गेल्यावर ज्याने याला खांद्यावर वाढवले, तो.  त्याने रीतीपुरता पावाचा एक तुकडा मोडून तोंडात टाकला, टोपी घातली आणि तो निघून गेला.

त्यानंतर दर कोरिसूला आयतबाय खिडकीतून बाहेर बघे आणि म्हणे, "रस्ता बंद असणार." त्या चार वर्षांपैकी दोनदा तर बाहेर लख्ख ऊन होते. नोव्हेंबरात सागिन्दिकची उजवी बाजू लुळी पडली. आयतबायने फोन केला, तर त्याने घेतला नाही. यंदानंतर आणखी एक कोरिसू थोरला बघेल की नाही हे कोणी सांगू शकत नव्हते. आणि आज, जायचेच म्हणून पहाटे डोके शिजवले, तर रस्ता खरोखरच बंद निघाला.

"बर्फ हटवणारा ग्रेडर निघतोय," पोलीस खालच्या आवाजात म्हणाला. "त्याच्या मागच्या दिव्यावर नजर ठेवा. मी तुम्हाला पाहिलंच नाही." मग त्याने काच आणखी खाली करायला लावली आणि हातमोजे काढून दोन्ही हात आत घातले. "नवं वय लाभो, काका."

ग्रेडर बर्फ ढकलत पुढे आणि निवा मागे, असे साठ किलोमीटर त्यांनी चार तासांत कापले. गावाच्या फाट्याशी ग्रेडर सरळ गेला. पुढचे चार किलोमीटर आता त्यांचे त्यांनाच काढायचे होते आणि दिवस कलला होता.

रौशानने पातेले सीटवर ठेवले, डोक्यावरची लाल शाल कमरेला बांधली आणि ती खाली उतरली.

"कुठं निघालीस?"

"तुमच्यापुढं. लग्नाला तीस वर्षं झाली, एकदा तरी माझ्या मागून चाला."

ती पायाने रस्ता चाचपत चालली, शालीमागून गाडी सरकत राहिली. अर्ध्या तासाने शाल थांबली. रौशान परत येऊन आत बसली तेव्हा तिच्या पापण्या गोठल्या होत्या. "पुढं नुसतं पांढरं आहे हो. पायाला रस्ताच लागत नाही."

आयतबाय घाबरला. त्याने इंजिन बंद केले. वारा जरा दम घ्यायला थांबला, तेवढ्यात त्याने ऐकले. ठण्ण. मग बराच वेळ काही नाही. पुन्हा ठण्ण.

"तो रूळ आहे," तो म्हणाला. "मीच दिलेला तुकडा. दादांच्या फाटकावर टांगलाय."

"वाऱ्यानं हलत असेल."

"वारा असा ठोकत नाही. कोणीतरी डाव्या हातानं मारतंय."

त्याने काच पूर्ण खाली केली, डोके बाहेर काढले आणि ठोक्याठोक्याने गाडी पुढे नेली.

फाटकात सागिन्दिक उभा होता. डाव्या हातात हातोडी, भुवयांवर बर्फ. मागून वहिनी, कुलान, ओरडत होती, "दुपारपासून ऐकत नाहीत! म्हणे, आज कोणीतरी वाटेत असणार!"

आयतबायने दोन्ही हात पुढे केले. सागिन्दिकने हातोडी टाकली. डाव्या हाताने आपला उजवा हात मनगटाशी धरून उचलला, धाकट्याच्या ओंजळीत ठेवला आणि वर डावा ठेवला.

"चार वर्षं रस्ता बंद होता म्हणे." त्याचे शब्द जरा लोळत होते.

"नव्हता, दादा. मीच आलो नाही." आयतबायला रडू फुटले. "नवं वय लाभो तुम्हाला."

आत आल्यावर त्याने डोके ताटात ठेवले, तोंड थोरल्याकडे करून. सागिन्दिकने डाव्या हातात सुरी घेतली. डोके ताटात सरकू लागले, तेव्हा आयतबायने ते दोन्ही हातांनी धरून ठेवले. बऱ्याच वेळाने कान सुटला. कान घरातल्या सर्वांत लहानाला द्यायचा असतो.

"शेजारच्या नातवाला बोलावू?" कुलानने विचारले.

"कशाला? लहान समोरच बसलाय."

त्याने कान आयतबायच्या तळहातावर ठेवला. अठ्ठावन्न वर्षांच्या आयतबायने तो तोंडात घातला.

"पुढल्या वर्षी लवकर नीघ," सागिन्दिक म्हणाला.

चुलीपाशी कुलान पाठमोरी झाली. रौशान शालीचा बर्फ झटकत राहिली.

"पहाटेच निघतो, दादा," आयतबाय म्हणाला आणि कान चावत मान डोलावत राहिला.