चांदीच्या दुधाला नजर

गाय माझी, पावडर माझी, आन् दूध वाढंना तर बोलणी बी मलाच!

चांदी म्हणजे आमची संकरित गाय. माझ्या बापानं अणदूरहून टेम्पोत घालून ईटला माझ्या सासरी पाठवली तवा कालवड होती, आता दुसऱ्यांदा व्यालीय. जनावरांच्या डॉक्टरीणबाई गावात आल्या, तवा चांदीच्या पाठीवरनं हात फिरवून म्हणल्या, "नुसत्या कडब्यावर ठेवू नका हिला. खनिज मिश्रण द्या रोज भरड्यातनं, आन् जरा धीर धरा." म्या लगेच त्याची पावडर आणली. भरड्यात कालवायची, वरनं गुळाचं पाणी शिंपडायची, आन् चांदीपुढं पाटी ठेवायची. चांदी पाटी चाटूनपुसून लख्ख करायची.

तिच्या अंगावर तकाकी आली. कास तट्ट भरायला लागली. वासरू तर असं गुटगुटीत झालं की आखाड्यात सोडावं. पण दूध? आमच्या बादलीला मधोमध एक पोचा आलाय. दूध रोज त्या पोच्यापाशी येऊन थांबायचं. पावडरीच्या आधी बी तिथंच, नंतर बी तिथंच.

"दैवशाला, पावडर गाय खाती का तू खाती?" माझा नवरा बालाजी रोज डेअरीला निघताना विचारायचा. असा राग यायचा! पण बादली समोर होती.

धार काढायचं काम माझ्या सासूबाईंचं. आत्याबाईंना धारेच्या वक्ताला गोठ्यात दुसरं माणूस खपत न्हाय. त्यांचा तसा स्वभावच म्हणून आमी कधी तिकडं फिरकलो न्हाय.

शेवटी बालाजी म्हणाला, "गाय इकू. ऐतवारी बजरंग व्यापारी येतोय. आईला आधी सांगू नको, घर डोक्यावर घेईल." म्या भांडले, रडले, जेवणावरनं उठले. माहेरची गाय, दावणीवरनं सोडून परक्याच्या हातात द्यायची? पण गड्यानं एकदा ठरवलं की ठरवलं.

ऐतवारी सांजच्याला बजरंग आपली मोठी बादली घेऊनच आला. आत्याबाई धारेला निघाल्याच होत्या.

"मावशी, धार आज म्या काढणार," बजरंग म्हणाला. "दुसऱ्यानं काढलेल्या धारेवर आमी गाय घेत नसतो."

"घेत नसतो म्हणजे? कुठं चालली गाय?"

बालाजीनं मान खाली घालून सांगितलं. आत्याबाई त्याची बाही वढाय लागल्या, "आत चल, मला बोलायचंय."

"आई, पाव्हणं गेल्यावर बोल."

त्यांनी बजरंगकडं बघितलं आन् तोंडात पदर कोंबला.

बजरंगनं वासराला पान्ह्यापुरतं लावलं, वढून बाजूला बांधलं आन् धार धरली. चांदी शहाण्यावानी उभी होती. जरा येळ गेला न्हाय तोवर आत्याबाई वरडल्या, "आरं, सोड की आता वासरू!"

"एवढ्यात? अजून कास भरलीय की मावशी."

त्यानं काही वासरू सोडलं न्हाय. दूध वर येत गेलं, येत गेलं. बादली फेसानं काठोकाठ भरली आन् बजरंगनं मान वर करून दुसरं भांडं मागितलं. बालाजीचा आ वासलेला. "मालक, रोज एवढं देती व्हय?" बजरंगनं विचारलं.

"देती! रोज एवढंच देती!" आत्याबाईंच्यानं ऱ्हावलं न्हाय. "दूध पोच्यापाशी आलं की म्या वासरू सोडते. मागली गाय आठवती का बालाजी? शेजारची गिरिजाबाई बादलीत डोकावून 'अगं बया, किती हे दूध' म्हणली, आन् गाय आटली. ही पोरीच्या माहेरची गाय. हिला नजर लागली असती तर पोरीनं बापाला काय तोंड दाखवलं असतं?"

हसावं का रडावं मला कळंना. एवढे दिवस टोमणे म्या खाल्ले, दूध वासरानं पिलं, आन् ते सगळं माझ्यासाठीच! वरनं ज्या नजरंला भिऊन दूध झाकलं, त्या झाकलेल्या दुधापायीच गाय चालली होती. म्या आत्याबाईंजवळ गेले. त्यांचा हात धरून ठेवला.

बजरंग हटायलाच तयार न्हाय. "मालक, तुमी म्हणाल तो भाव."

"गाय द्यायची न्हाय," बालाजी म्हणाला. मग माझ्याकडं न बघताच हळूच विचारलं, "पावडर संपत आली का गं?"

"तुमीच खाऊन बघा आन् सांगा!" म्या म्हणाले. आत्याबाई तवर मीठमिरच्या घेऊन आल्या. चांदीवरनं उतरवल्या, वासरावरनं उतरवल्या, आन् जाता जाता बजरंगच्या बादलीवरनं बी उतरवल्या.

दुसऱ्या दिवशी म्या भरडा कालवत होते, तर कुडावरनं गिरिजाबाई डोकावल्या. "काय गं, चांदीचं दूध लई वाढलं म्हणं?"

पावडरीचे हात म्या पटकन लुगड्याला पुसले.

"कशाचं वाढतंय काकू," म्या म्हणाले, "वासरालाच पुरत न्हाय."