चेहरा जुळत नाही

"डोक्यावरचा पदर काढ पोरी. आता उजेडाकडे पाह्य."

आंजी गावच्या अंगणवाडीच्या ओट्यावर सेविका सुलोचनानं सलग तिसऱ्या दिवशी जागृतीसमोर मोबाइल धरला. जागृतीला आठवा महिना होता. पडद्यावरचं हिरवं वर्तुळ तिच्या तोंडाभोवती फिरलं आणि लाल झालं. चेहरा जुळत नाही. चेहरा जुळला तरच गरोदर बाईला पोषण आहाराचं पाकीट द्यायचं, असा वरचा हुकूम होता.

समोरच्या पानठेल्यावर निवृत्त मास्तर बापूराव पेपर वाचून दाखवत होते. "जपानात यंतर म्हाताऱ्यायले आंघोळ घालते म्हन्ते. मंगळावर घरंबी यंतरंच बांधतीन."

"आंदी आंजीच्या नळाले पानी आना म्हना त्याले," ठेलेवाला कवडू चुना लावत म्हणाला.

मोबाइल दुकानवाला अंकित तिथूनच ओरडला, "काकू, तुमचा मोबाइल चांगला हाय, कालच पाह्यला मी. मशीन खोटं नाई बोलत. बाईच बदलली असंन!"

"सासूनं दुसरी सून तं नाई पाठोली?" कवडूनं पुस्ती जोडली. सारे हसले. जागृतीही हसली. हसताना तिचे डोळे गालांत बुडून गेले.

सुलोचनाचा हात हवेतच राहिला.

बावीस वर्षं झाली तिला या ओट्यावर. पोराच्या नुसत्या चालीवरून तिला ताप कळायचा. आणि तीन दिवस ती काच पुसत होती, जागृतीला उन्हातून सावलीत, सावलीतून उन्हात बसवत होती. लेकीचं उतरलेलं तोंड माय वेशीवरून ओळखते, असं जात्यावर गातात. हिला हे सुजलेलं तोंड हातभर अंतरावरून दिसलं नव्हतं.

तिनं मोबाइल खाली ठेवला आणि जागृतीच्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला. अंगठा उचलला, तरी खड्डा भरेना.

"डोकं दुखते?"

"परवापासून. डोयापुढं काजवेबी चमकते."

"सांगतलं काऊन नाई?"

"तुमी मोबाइलात पाहून राह्यल्या होत्या, ताई."

सुलोचना ओट्यावरून उतरली ती थेट ठेल्यावर. बापूरावांच्या हातातला पेपर तिनं ओढून घेतला.

"मंगळ ठेवा बाजूले, मास्तर! वर्ध्याले कोन जाते ते सांगा. अंकित, गाडी काढ!"

"काकू, मी तं गंमत..."

"गंमत? तीन दिवस हे मशीन बोंबलून राह्यलं का हे बाई पह्यलेसारखी नाई. मी त्याची काच पुसत बसली, आन् तुमी दात काढत बसले! बाईच्या तोंडाकडं एकानं पाह्यलं काय रे? काढ गाडी!"

अंकितनं गाडी काढली.

वर्ध्यात डॉक्टरांनी जागृतीला वाचवलं. मुलगी पोटातच गेली होती.

जागृती घरी आली त्या दिवशी सुलोचना फोटो न काढता तिला पाकीट देऊन आली. दुसऱ्या दिवशी वरच्या ऑफिसातून फोन आला. पलीकडच्या बाई थंडपणे म्हणाल्या, "बाळ नाही ना आता? मग नाव कमी करा. आणि फोटोशिवाय पाकीट दिलंच कसं?"

"हातानं देल्लं. लेकरू गेलं मॅडम, बाळंतीन हाय अजून."

"लेखी द्यावं लागेल तुम्हाला."

"देईन. तीन दिवस मी काय करत होती, थेबी लिवीन. तुमी काय करत होत्या, थे तुमी लिवा." तिनं फोन ठेवला.

ती तशीच उन्हात जागृतीकडे गेली. जागृती घरामागे शेवग्याखाली बसली होती. छाती दुधानं दाटून दगड झाली होती, पोलकं भिजलं होतं. सुलोचना घरातून वाटी घेऊन आली आणि तिच्यापुढे बसली.

"दुखते?"

"दुखू द्या."

जागृती पिळत गेली, तशी धार वाटीत पडत राहिली. हे दूध पायदळी जाऊ द्यायचं नसतं. वाटी भरली तशी सुलोचनानं शेवग्याच्या बुडाशी बोटांनी माती उकरली आणि ते तिथं ओतलं. मातीनं ते लगेच पिऊन टाकलं.

तिनं रिकामी वाटी पुन्हा जागृतीपुढे धरली.