मास्टरांचा डावा खांदा

माघातलं कलतं ऊन अंगणात वाळत घातलेल्या मिरच्यांवरून सरकत भिंतीवर चढलं, की तिथे एक तिरकी सावली उमटायची. डावा खांदा खाली, उजवा वर. ते माझे यजमान. वरातीच्या बँडमध्ये इलेक्ट्रिक गिटार वाजवता वाजवता त्यांच्या देहालाच हा कल जडला. शहाद्यापासून धडगावपर्यंत सारे त्यांना मास्टर म्हणतात. मी लोणखेड्याच्या शाळेत मराठी शिकवते आणि स्वभावाने संशयी आहे. त्याची मला मुळीच लाज वाटत नाही. आजवर संशयाने माझं भलंच केलंय.

गिटार सुरतेहून आणलेली, जुनी, भरीव लाकडाची. हलकी घ्या म्हणून कुणी सुचवलं, की मास्टर हसत. "वजन शे म्हनीसन सूर लांब जास," हे त्यांचं ब्रह्मवाक्य; जड लाकडात सूर जास्त वेळ टिकतो म्हणे. त्यात आमच्याकडची रीत अशी, की नवरदेव घोड्यावरून उतरेपर्यंत वाजंत्र्याने खांद्यावरचं वाद्य उतरवायचं नाही, अपशकुन होतो. घोड्यावरच्या माणसाला कसली घाई! दुपार संध्याकाळीत विरघळून जाई, तरी गिटारचा रुंद पट्टा त्यांच्या डाव्या खांद्यात रुतलेलाच असे. घरी आले की मी तिथे कोमट तेल लावायची.

यंदा मात्र पाणी कुठंतरी मुरत होतं. डाव्या हातातून चहाची बशी निसटली. बाहीचं बटण लावायला मला हाक मारू लागले. दुपारचा रियाज, ज्याच्या नादात आमच्या भिंतीसुद्धा पेंगत, तो थांबला. मी जवळ जाऊन वास घेतला, तर बडीशेपेचा. आता बडीशेप कशाला?

"खरं सांगा, पेयेल शेतस का तुम्ही?"

"तुन्ही आन वं, थेंबबी नही," म्हणाले, आणि हात खिशात घातला. तो हात खिशात गेलेला मला अजिबात आवडला नाही.

मग गावातल्याच एका लग्नात मी बायकांमधून वरातीच्या अगदी पुढे जाऊन उभी राहिले. गिटार घुमत होती. पोरं धुळीत नाचत होती. मास्टर डोळे मिटून, मान किंचित झुकवून नेहमीसारखे तन्मय. पण माझा कान वैरी! ओळीच्या शेवटी तार जराशी ओढून सुराला हुंदका देण्याची त्यांची लकब; आज सूर सरळ येऊन सरळ थांबत होता. मी बोटांकडे पाहिलं. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं तारांवर नुसती निजली होती. मागे बँडच्या गाडीवर की-बोर्ड वाजवणाऱ्या शकीलभाईंचा हात मात्र त्याच चालीवर धावत होता. गिटारचा आवाज त्या की-बोर्डातून येत होता; मास्टर वाजवतच नव्हते.

वरात संपल्यावर मी शकीलभाईंना गाठलं. ते ओशाळले. "भाभी, गिरायकले कळनं ते मास्टरनी जागा जाई," एवढंच बोलले.

घरी मास्टरांनी स्वतःहून हात पुढे केला. "आते बोटेसले तार समजत नही."

मला रडू आलं आणि रागही आला. "मंग हाई धूड कसाले उचलतस?"

"खांदावर गिटार नही ते लोके मन्हाकडे देखतसबी नही."

नंदुरबारच्या डॉक्टरांनी सांगितलं, खांद्यातली शीर दबली आहे, वजन ताबडतोब उतरवा. बोटांचं काही सांगता येत नाही. परतताना एसटीत मीच म्हटलं, वाजवायची नाहीच, तर आतलं लाकूड कशाला? सुताराकडून मागच्या बाजूने पोकळ कोरून घ्या. मास्टर शहादा येईपर्यंत खिडकीबाहेरच्या उसाकडे पाहत राहिले. मला वाटलं भांडतील. मी तर भांडणाची तयारी करूनच बसले होते. ते भांडले नाहीत. दुसऱ्या दिवशी स्वतःच गिटार घेऊन गेले. इतकं मुकाट्याने ऐकणं मला आधीच्या खोट्याहून भयंकर वाटलं.

आता ते वरातीत ताठ चालतात. पुढून गिटार तशीच लखलखते. आणि त्यांची ती ओढ शकीलभाईंनी कुठूनशी शिकून घेतली आहे. हुंदका हुबेहूब त्याच जागी येतो. शेजारीण माझा हात दाबून म्हणते, "मास्टरनी काय गिटार वाजाडी वं!" मी मान डोलावते.

मास्टर घरी आले की खांद्यावरून गिटार मीच उतरवून घेते. एका हातात मावते, सुपासारखी. तेल लावायचं काम उरलेलं नाही. ओझं उतरलं, सुटलात एकदाचे, असं नातलग म्हणतात, आणि माझा संशय पुन्हा जागा होतो. काळ माणसाकडून काही न्यायला येतो, तेव्हा तो आधी त्याचं वजनच नेत असावा.