उजवा, डावा, दोन्ही

डोळ्यांच्या दवाखान्यातल्या रेकॉर्ड रूममध्ये भाचीचं काम एवढंच: डॉक्टरांनी लिहिलेलं वाचायचं आणि त्या आजाराचा नंबर, म्हणजे कोड, भरायचा. पापणी आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचा पातळ पडदा दोन्ही सुजले, तर उजव्या डोळ्याला एक कोड, डाव्याला दुसरा, दोन्हींना तिसरा. ‘कोणता डोळा ते लिहिलेलं नाही’ असा चौथाही आहे. पण तो भरला की फाइल दुसऱ्या दिवशी तोंड पाडून परत येते.

आजची फाइल सख्ख्या मावशीची होती. मावशी बाहेर बाकावर काळा चष्मा लावून बसलेली. चारच्या आत कोड पडला, तर मोठ्या डॉक्टरांची आजची शेवटची वेळ मिळणार. नाहीतर तीन आठवडे थांबा. आणि मावशीला आत्ताच धूसर दिसत होतं.

साडेतीन वाजले होते. मजकुरात ‘उजवा डोळा’. खालच्या चित्रात लाल पेन्सिल डाव्यावर.

“चित्र उलटं वाचतेस,” रेकॉर्ड रूमच्या हेडबाई म्हणाल्या. “कागदाच्या डावीकडे पेशंटचा उजवा.”

“ते झोपेतही येतं मला, बाई. त्या हिशोबानंच डावा म्हणतेय.”

“मग घरी बघितलं असशील की!”

बघितलं होतं. सकाळी गरम पाण्याचा बोळा तिनंच धरला होता, पण समोर बसून. तिनं हेडबाईंना मावशीसारखं समोर खुर्चीत बसवलं आणि सकाळसारखा हात त्यांच्या डोळ्याकडे नेला.

“हा.”

“हा माझा डावा.”

“मग उजवा?”

“कुणाचा?”

दोघींनी आपापल्या डोळ्यावर हात ठेवला, मग हात बदलले. शेजारच्या कारकुनानं मान वर केली, स्वतःचाही एक डोळा चाचपला आणि मुकाट्यानं कामाला लागला.

भाची बाहेर धावली.

“मावशी, कोणता डोळा?”

“दुखतोय तो.”

“अगं, डावा की उजवा?”

“आरशात डावा.”

“म्हणजे?”

“म्हणजे आरशाला विचार!” मावशीनं वैतागून चष्मा काढला. दोन्ही डोळे लालभडक.

कागदावर उजवा, चित्रात डावा, बाकावर दोन्ही. आणि कोड भरणारीनं बघितलेलं भरायचं नसतं, लिहिलेलंच भरायचं. तिनं मावशीचा दंड धरला आणि तिला तपासणाऱ्या डॉक्टरांपुढे उभं केलं.

डॉक्टरांनी फाइल पाहिली, मग मानेवरून हात फिरवला. “मजकूर मागच्या वेळचा कॉपी झालाय. चित्र आजचं.”

“मग उजवा बरा झाला होता?”

“सकाळी होता. बहुतेक.”

“बहुतेक?”

“बसा, मावशी.”

पापण्या उलटून त्यांनी दोन्हीकडे पाहिलं, जुनी ओळ एका रेघेनं खोडली, ‘दोन्ही डोळे’ लिहिलं, सही केली, वेळ टाकली: तीन बावन्न. भाचीनं पळत जाऊन कोड भरला. चारला तीन मिनिटं असताना मोठ्या डॉक्टरांच्या दारात मावशीचा नंबर पुकारला गेला.

उठता उठता मावशी थबकली. “मग सकाळी तू शेकलास तो कोणता?”

सकाळी बोळा ज्या हातात धरला होता, तो हात भाचीनं वर केला. हात उजवा होता, एवढं नक्की.