अभिमनची सव्वा मूठ

"इतला गहूमा काय व्हई? कानबाई का भिकारीन शे?" सासूबाई सुपाशी पुटपुटत होत्या. मला ऐकू जावं एवढ्याच आवाजात.

गहू कमी नव्हता. मोजणी अडली होती. आमच्या घराण्यात श्रावणात कानबाई देवी बसते, तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात. थोरल्याने मोठ्याने नाव घ्यायचं आणि मूठ टोपलीत सोडायची. मुलगा जन्मला की मूठ वाढते, माणूस गेला की थांबते. माणूस वेड्यांच्या दवाखान्यात असला तर काय करायचं, हे मात्र कोणी सांगून ठेवलेलं नाही.

म्हणून आमचे हे, पंडित, मांडी घालून नुसते बसले होते. सकाळपासून दोनदा चहा झाला होता.

अभिमन माझा धाकटा दीर. तापीकाठच्या एका नगरपालिकेत पाण्याच्या टाकीवर नोकरीला. पाण्यात जंतू मारायचं औषध आहे की नाही ते बघायला त्याच्याकडे एक बाटली असायची. दोन थेंब टाकले आणि पाणी पिवळं झालं की औषध आहे. गेल्या कानबाईला त्याने माझ्या माठातही थेंब टाकले होते. पाणी पिवळं झालं तेव्हा म्हणाला, "वहिनी, आता बिनघोर रोट खा." मी हसले होते.

त्याच्या गावात तीन महिने पाणी पांढरंच राहिलं. वहीत मात्र रोज पिवळं लिहायचा हुकूम होता. हगवणीने दोन लेकरं गेली, तेव्हा अभिमनने कलेक्टरांना पत्र लिहिलं. आठ दिवसांत त्याचे साहेब जीपने इथे दोंडाईच्याला आमच्या दारी आले. पोहे खाल्ले, बरे झालेत म्हणाले. मग यांना म्हणाले, "भावाच्या डोक्यावर ताण आहे. इलाज दाखवला तर नोकरी राहील, नाहीतर तुरुंग." दवाखान्यात भरतीचा अर्ज टाइप करूनच आणला होता. यांनी सही केली. पोह्यांवर मीच खोबरं घातलं होतं.

दोन डॉक्टरांनी दाखले दिले. एकात लिहिलं होतं, "रुग्ण दिसेल ते पाणी तपासतो." त्याला चार महिने झाले. गावाला आम्ही सांगितलं, अभिमन ट्रेनिंगला गेला आहे. आमच्या लेकीची सोयरीक चालली होती. काकाचं ट्रेनिंग फार लांबलं, असं व्याही एकदा म्हणाले, तेव्हा मी त्यांच्या ताटात आणखी एक पुरणपोळी वाढली.

त्या सकाळी पॅसेंजरने अभिमनची बायको कुंदा आली. ती पिंप्राळ्याला भावाकडे राहते. पदर नीट घेतला, सासूबाईंच्या पाया पडली आणि पिशवीतून दोन कागद काढून गव्हाच्या टोपलीशेजारी ठेवले.

"भाऊ, वकील म्हणतात, ज्याने अर्ज करून आत टाकलं त्यानेच लिहून दिलं तर सोडतात. हा पहिला कागद. दुसऱ्यात अर्ज कोणी आणून दिला ते लिहायचं आहे. साहेबाच्या नावासकट. सोमवारी धुळ्याला चला."

"सोमवारी कानबाईचं विसर्जन असतं," हे म्हणाले.

"कानबाई सकाळी नदीवर जाते. कोर्ट अकराला उघडतं. मी एस.टी.ची वेळ विचारून आले."

"पहिल्यावर करतो सही. दुसरा राहू दे. साहेब मोठा माणूस आहे."

"मग दुसरा कोणीतरी पाणी तपासेल आणि त्यालाही आत टाकतील," कुंदा म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "मी चार वेळा भेटून आले त्यांना. दरवेळी एकच विचारतात, टाकीत औषध पडलं का. तुमच्याबद्दल अजून एकदाही विचारलं नाही."

यांनी मान खाली घातली. मला त्यांची दया आली, आणि रागही. चार महिने मीही त्याच ताटात जेवत होते.

"कुंदाबरोबर मी जाते," मी म्हटलं. "साहेब आले तेव्हा पोहे मी केले होते, एवढं तरी सांगता येईल मला."

एवढ्यात भाऊबंदांतले तोताराम आबा गहू दळायला न्यायला आले. खाटेवर टेकले. कागद पाहिले, न पाहिल्यासारखं केलं.

"चाल पंडित, नाव ले," सासूबाई म्हणाल्या.

यांनी मूठ भरली. स्वतःचं नाव घेतलं, मग पोरांची. गहू टोपलीत पडत गेला. मग पुन्हा मूठ भरली आणि हात तसाच वर राहिला.

"अभिमन," हे म्हणाले. मूठ सोडली. वर पाव मूठ सोडली.

तोताराम आबा खाकरले. "त्याना कसाले, पंडित? ट्रेनिंगले गयेल माणूस. आनि लोके तर काय काय बोलतस. येडानं देवीले चालत नही."

सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. यांनी हाताला चिकटलेले दोन दाणे टोपलीत झटकले, कुंदाच्या हातातला पेन घेतला आणि दुसरा कागद आधी पुढे ओढला.

"मन्हा भाऊ येडा नही शे, आबा. तो खरं बोलना म्हणून त्याले कोंडा. आनि कोंडाना कागदवर सही मन्ही शे."